एकच सामू, दोन स्वभाव : रंगाईच्या पाण्यातले बफर

भिवंडीतला निजामपुरा म्हटला की पहिली आठवण होते ती यंत्रमागांच्या खडखडाटाची. शहराच्या महानगरपालिकेच्या नावातसुद्धा भिवंडीच्या जोडीला निजामपूर आहे. इथल्या मुलांना ताणा, बाणा, बीम, सायझिंग हे शब्द शाळेत शिकवावे लागत नाहीत. ते घरातच कानावर पडतात. मागावरून उतरलेले कोरे, म्हणजे ‘ग्रे’ कापड पुढे धुलाई-रंगाईला जाते. भिवंडी तालुक्यात सरवलीच्या औद्योगिक क्षेत्रात असे डाइंगचे कारखाने आहेत. रंगाईच्या या कामात रसायनशास्त्रातली एक महत्त्वाची कल्पना रोज वापरली जाते. ती म्हणजे बफर द्रावण. परिभाषेत त्याला ‘उभयप्रतिरोधी द्रावण’ असे भारदस्त नाव आहे. आपण मात्र येथे बफर हाच रुळलेला शब्द वापरू.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या बहुतेकांना पाठ असते : ज्या द्रावणात थोडे आम्ल किंवा थोडी आम्लारी घातली असता सामू फारसा बदलत नाही, ते बफर द्रावण. विद्यार्थी ही व्याख्या लिहितो आणि गुणही मिळवतो. पण ‘फारसा’ म्हणजे किती? ‘थोडे’ म्हणजे किती? आणि मुख्य म्हणजे, घातलेले आम्ल जाते कुठे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर व्याख्या पाठ असूनही बफर समजला असे म्हणता येणार नाही. ती उत्तरे आपण रंगाच्या कुंडातच शोधू.

रंग कापडाला धरतो कसा?

सुती कापडासाठी ‘रिॲक्टिव्ह’ जातीचे रंग मोठ्या प्रमाणावर वापरतात. १९५६ साली ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीने ‘प्रोसिऑन’ या नावाने सुतासाठी असे रंग प्रथम बाजारात आणले. या रंगांचे वैशिष्ट्य असे, की ते धाग्याच्या पृष्ठभागावर नुसते चिकटून बसत नाहीत; रंगाचा रेणू आणि कापसातला सेल्युलोज यांच्यात खरोखरीचा रासायनिक बंध तयार होतो. म्हणून धुतल्यावर रंग सहसा जात नाही.

हा बंध जुळण्यासाठी सेल्युलोजमधल्या हायड्रॉक्सिल गटांपैकी काहींचा हायड्रोजन सुटावा लागतो, आणि त्यासाठी पाणी चांगलेच अल्कधर्मी असावे लागते. सामू साधारण १०.५ ते ११.५ च्या दरम्यान हवा. तो कमी पडला तर रंग धरत नाही. फार वाढला तर दुसरेच संकट येते : रंगाचा रेणू कापसाऐवजी पाण्याशीच जास्त वेगाने अभिक्रिया करतो आणि वाया जातो. वाया गेलेला रंग कापडाला उपयोगी नसतो. तो शेवटी सांडपाण्यातच जातो.

याला आणखी एक गुंतागुंत आहे. यातल्या अनेक रंगांच्या रेणूत क्लोरिन असतो. रंग कापसाशी जोडला गेला की हा क्लोरिन सुटतो आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. म्हणजे रंगाई जसजशी नीट होत जाते, तसतसे कुंडातले पाणी स्वतःच स्वतःची अल्कता खाऊ लागते! सामू मध्येच घसरला तर कापडाच्या एका भागावर शेड गडद आणि दुसऱ्यावर फिकी पडण्याचा धोका. असा लॉट व्यापारी परत पाठवतो, आणि छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने एक लॉट परत येणे ही क्षुल्लक गोष्ट नसते.

तेव्हा कुंडात अल्कता आणायची कशाने? बहुतेक वेळा उत्तर असते सोडा ॲश, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, सोडिअम कार्बोनेट. (काही रंगांसाठी त्याच्या जोडीला थोडा कॉस्टिकही वापरतात.) पण कॉस्टिक सोडा तर अधिक तीव्र; अगदी चिमूटभर पुरतो. मग नुसत्या कॉस्टिकवर का भागत नाही? थोडे आकडे मांडून पाहू.

दोन भांड्यांची गोष्ट

पहिल्या भांड्यात एक लिटर पाण्यात १०.६ ग्रॅम सोडा ॲश विरघळवू. हे ०.१ मोल झाले. याचा सामू येतो सुमारे ११.७. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात तेवढाच सामू येईल इतका कॉस्टिक सोडा घालू. तो किती लागेल? अवघा ०.१८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.००४६ मोल. दोन्ही भांड्यांत सामूचा कागद बुडवला तर रंग सारखाच दिसेल. कागदाच्या मते दोन्ही पाणी एकच.

आता दोन्ही भांड्यांत प्रत्येकी ०.००४६ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घालू. कॉस्टिकच्या भांड्यात जितकी आम्लारी होती तितकेच आम्ल आले. सगळी आम्लारी संपली, सामू ११.७ वरून थेट ७ वर आला. सोड्याच्या भांड्यात मात्र सामू उतरतो तो सुमारे ११.४ पर्यंतच.

म्हणजे एका ठिकाणी ४.७ ची घसरण आणि दुसऱ्या ठिकाणी ०.३ ची. सामू ही लॉगॅरिदमिक मोजणी आहे, हे येथे मुलांना पुन्हा सांगावे. सामूत १ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक; ४.७ चा फरक म्हणजे पन्नास हजार पट. ०.३ चा फरक म्हणजे जेमतेम दुप्पट.

आम्ल गेले कुठे?

कॉस्टिकच्या भांड्यात हायड्रॉक्साइड आयन होते तेवढेच. मागे शिल्लक काही नव्हते. सोड्याच्या भांड्यात मोकळे हायड्रॉक्साइड आयन तेवढेच दिसत होते, पण त्यांच्यामागे कार्बोनेट आयनांचा मोठा साठा होता. बाहेरून आलेला हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडला भेटून पाणी झाला, की हायड्रॉक्साइडची तूट भरून काढण्यासाठी कार्बोनेट पुढे सरसावतो : तो पाण्याकडून एक हायड्रोजन आयन घेतो, स्वतः बायकार्बोनेट होतो आणि एक नवा हायड्रॉक्साइड आयन मोकळा करतो. आम्ल नाहीसे झालेले नाही. ते बायकार्बोनेटच्या रूपाने द्रावणातच बसले आहे, फक्त सामू मोजताना दिसत नाही. कारण सामू मोजतो तो मोकळे हायड्रोजन आयन, बांधलेले नव्हे.

येथे बाजारातला एक दाखला उपयोगी पडेल. दुकानदाराच्या गल्ल्यात नोटाही आहेत आणि सुटी नाणीही आहेत. कोणी नोट देऊन सुटे मागितले तरी तो देतो, कोणी सुटे देऊन नोट मागितली तरीही देतो. दिवसभर देवघेव चालूनही गल्ल्याचे एकंदर रूप फारसे बदलत नाही. पण गल्ल्यात नुसत्याच नोटा असतील तर पहिल्याच गिऱ्हाइकाला ‘सुटे नाहीत’ म्हणावे लागते.

बफरमध्येही असेच दोन साठे एकत्र लागतात : एक हायड्रोजन आयन घेणारा आणि एक देणारा. कार्बोनेट घेणारा, बायकार्बोनेट देणारा. ॲसिटेट घेणारा, ॲसेटिक आम्ल देणारे. दोन्ही साठे सारखे असतात तेव्हा बफरची ताकद सर्वांत जास्त असते; त्या वेळचा सामू हा त्या जोडीचा स्वतःचा ठरलेला आकडा असतो. त्याला पीकेए म्हणतात. ॲसेटिक आम्ल-ॲसिटेट जोडीसाठी तो ४.७६ आहे, बायकार्बोनेट-कार्बोनेट जोडीसाठी सुमारे १०.३. पीकेएच्या दोन्ही बाजूंना साधारण एकेक एकक इतक्या टप्प्यात ती जोडी चांगले काम देते. आपल्या भांड्यातला नुसता सोडा ॲश ११.७ ला होता, म्हणजे जोडीच्या अगदी कडेला. म्हणून तिथे सामू ०.३ ने तरी हलला.

देणारे आम्ल दुबळेच का हवे, असा प्रश्न वर्गात यायला हवा. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ यांच्या मिश्रणाने बफर का होत नाही? कारण क्लोराइड आयन हायड्रोजन आयनाला धरून ठेवतच नाही. घेणाराच नसेल तर देवघेव कसली? दुबळे आम्ल याचा अर्थच असा, की त्याचा उरलेला आयन हायड्रोजनला धरून ठेवायला उत्सुक असतो.

‘थोडे’ म्हणजे किती?

आता एक लिटर द्रावणात ०.१ मोल ॲसेटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडिअम ॲसिटेट घेऊ. सामू ४.७६. बफरचा सामू काढण्याचे समीकरण असे : सामू म्हणजे पीकेए अधिक, घेणाऱ्याचे प्रमाण भागिले देणाऱ्याचे प्रमाण यांचा लॉगॅरिदम. यात तीव्र आम्ल टप्प्याटप्प्याने घालत गेलो तर काय होईल?

०.००१ मोल घातले : सामू ४.७५. (साध्या एक लिटर पाण्यात एवढेच आम्ल घातले तर सामू ७ वरून ३ वर येतो.)

०.०५ मोल घातले, म्हणजे अर्धा ॲसिटेट संपवला : सामू ४.२८.

०.१ मोल घातले, म्हणजे सगळा ॲसिटेट संपला : सामू सुमारे २.७.

०.११ मोल घातले : सामू २. आता हे द्रावण साध्या पाण्यासारखेच वागू लागले आहे.

‘थोडे’ या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. थोडे म्हणजे साठ्याच्या मानाने थोडे. बफरचा सामू काय असेल हे दोन साठ्यांचे गुणोत्तर ठरवते. बफर किती काळ तग धरेल हे त्या साठ्यांचे एकूण प्रमाण ठरवते. म्हणूनच बफरमध्ये पाणी ओतून ते दुप्पट पातळ केले तर सामू जवळजवळ तोच राहतो, पण प्रत्येक लिटरमागे आम्ल झेलण्याची ताकद निम्मी होते.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. एक, बफर म्हणजे उदासीन द्रावण नव्हे, ४.७६ चा बफर आम्लधर्मी आहे आणि तसाच राहण्यासाठी झटतो. दोन, बफरचा सामू बदलतच नाही असे नाही. तो हळू बदलतो, आणि साठा संपला की एकदम कोसळतो.

हा शब्द आणि ही कल्पना

रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनात रूळ संपतात तिथे गाडीचा धक्का झेलणारे बफर असतात. द्रावणाचे नाव याच धक्का झेलण्याच्या कल्पनेवरून आले. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन या रसायनशास्त्रज्ञाने सामूची मोजपट्टी मांडली. ही प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कारखान्याने स्थापलेली. सोरेनसन विकरांवर काम करीत होता, आणि विकरांचे काम सामूवर फार अवलंबून असते. सामू मोजायचा तर तो प्रयोगभर स्थिर राहायलाही हवा. म्हणून त्याच कामात बफर द्रावणांनाही महत्त्वाचे स्थान मिळाले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, अमेरिकेत हेंडरसनने रक्तातल्या बायकार्बोनेटचा विचार करून वरील समीकरणाचे मूळ रूप दिले, आणि १९१६ मध्ये डेन्मार्कच्या हॅसलबाल्खने त्याला लॉगॅरिदमचे रूप दिले. आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. त्यात बायकार्बोनेटचा वाटा मोठा आहे, आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे सतत बाहेर टाकत असल्याने हा बफर बंद बाटलीतल्या बफरपेक्षा कितीतरी अधिक समर्थ ठरतो.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

यासाठी लागेल पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, हळद आणि चार पेले. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. आपला दर्शक तोच.

१. २० मिलिलिटर व्हिनेगर घेऊन त्याचे दोन सारखे भाग करा. एका भागात खाण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालत ढवळा. फसफस थांबली की सोडा घालणे थांबवा. आता त्यातले ॲसेटिक आम्ल संपून सोडिअम ॲसिटेट झाले. हा भाग उरलेल्या व्हिनेगरमध्ये मिसळा. निम्मे आम्ल आणि निम्मा क्षार असा बफर तयार झाला, तोही वजनकाट्याशिवाय! हा पेला ‘अ’.

२. दुसऱ्या एका पेल्यात २०० मिलिलिटर पाण्यात व्हिनेगरचा एकच थेंब टाका. पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घेतले तर उत्तम. त्यातले २० मिलिलिटर घ्या. हा पेला ‘ब’. सामूचा कागद असेल तर लावून पाहा. दोन्ही पेले साधारण ४ ते ५ च्या आसपास असतील.

३. दोन्हींत हळदीच्या पाण्याचे सारखेच थेंब टाका. दोन्ही पिवळे.

४. १०० मिलिलिटर पाण्यात लहान चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा आणि ते द्रावण ड्रॉपरने थेंब-थेंब टाकत थेंब मोजा.

‘ब’ पेला एक-दोन थेंबांतच लाल होईल. ‘अ’ पेल्यात मुले थेंब मोजून थकतील, तरी तो पिवळाच राहील, आणि प्रत्येक थेंबाबरोबर बारीक बुडबुडे निघतील. तेव्हा ड्रॉपर बाजूला ठेवून चमच्याने सोड्याचे द्रावण घालत जा. शेवटी ‘अ’ सुद्धा लाल होईल. तो शेवट दाखवायला विसरू नये. साठा संपतो ही गोष्ट तिथेच पटते. मग विचारा : सुरुवातीला दोन्ही पेले सारखेच पिवळे होते. त्यांच्यातला फरक सामूच्या कागदाला का दिसला नाही?

(कॉस्टिक सोडा मुलांच्या हाती देऊ नये; तो कातडी आणि डोळ्यांना गंभीर इजा करतो.)

‘अ’ पेल्यातली जोडी निव्वळ शाळेपुरती नाही. पॉलिएस्टरचे कापड ‘डिस्पर्स’ रंगांनी सुमारे १३० अंश सेल्सिअसला, दाबाखाली रंगवतात, तेव्हा सामू ४.५ ते ५.५ च्या दरम्यान ठेवावा लागतो. त्यासाठी ॲसेटिक आम्ल वापरतात आणि सामू नेमका टिकवायचा असेल तर त्याच्या जोडीला सोडिअम ॲसिटेट. पीकेए ४.७६ असलेली जोडी या कामाला जणू मापाने शिवल्यासारखी बसते.

नदीचा गल्ला

कारखान्याच्या आत बफर हा मित्र आहे. कुंडातले पाणी बाहेर पडले की तोच बफर डोकेदुखी ठरतो. सांडपाण्याचा सामू सर्वसाधारण नियमाप्रमाणे ५.५ ते ९ च्या दरम्यान असला पाहिजे. आपल्या दोन भांड्यांकडे परत जाऊ. दोन्हींचा सामू ११.७. कॉस्टिकचे पाणी ७ वर आणायला लिटरमागे ०.००४६ मोल आम्ल पुरले. सोड्याच्या पाण्याला ०.११८ मोल, म्हणजे सुमारे पंचवीसपट आम्ल लागते. आधी सामू १०.३ च्या आसपास रेंगाळतो, पुढे ६.४ च्या आसपास पुन्हा रेंगाळतो. आणि बायकार्बोनेट संपत आला की आम्लाच्या थोड्याशा जादा मात्रेने झपकन ३ च्या खाली जातो. नुसता सामूचा कागद पाहून ‘एवढेसे आम्ल पुरेल’ असा अंदाज बांधणारा येथे फसतो. किती आम्ल लागेल हे सामू सांगत नाही. नमुना घेऊन अनुमापन करावे लागते.

भिवंडीतून कामवारी नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. कोणत्याही नदीच्या पाण्यात खडक-मातीतून आलेले बायकार्बोनेट असते. तो नदीचा गल्ला. समजा, एखाद्या नदीच्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिमोल बायकार्बोनेट आहे आणि आम्लधर्मी सांडपाण्याने त्यातले निम्मे संपवले. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेला की सामू किती उतरलेला दिसेल? फक्त ०.३ ने. म्हणजे मोजणारा म्हणेल, नदी ठीक आहे. प्रत्यक्षात तिची झेलण्याची ताकद अर्धी झालेली असते. उरलेला अर्धा गल्लाही रिकामा झाला, की त्यानंतरचे थोडेसे आम्लही सामूला खाली ओढते, आणि मासे व इतर जलचर यांना सावरायला वेळ उरत नाही. सामू हा इशारा देतो, पण उशिरा देतो. म्हणून पाण्याच्या तपासणीत सामूबरोबर ‘अल्कता’ असा वेगळा रकाना असतो. त्या रकान्याचा अर्थ आता विद्यार्थ्यांना सांगता येईल : सामू सांगतो पाणी आज कसे आहे, अल्कता सांगते ते अजून किती आम्ल सोसू शकेल.

यापुढचा उपक्रम मुलांवर सोपवता येईल. घरचे नळाचे पाणी, बोअरवेलचे, विहिरीचे आणि साठवलेले पावसाचे पाणी असे प्रत्येकी ५० मिलिलिटर घ्यावे. दर्शक म्हणून जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क सारख्या मापाने घालावा आणि पाचपट पातळ केलेल्या व्हिनेगरचे थेंब मोजावेत. अर्क स्पष्ट गुलाबी होईपर्यंत किती लागले? पावसाच्या पाण्याला थोडे थेंब लागतील, बोअरवेलच्या पाण्याला सहसा पुष्कळ जास्त. ज्या वस्तीत माग चालतात, सायझिंग आणि डाइंगवर घरे चालतात, तिथल्या मुलांनी हा तक्ता करून वर्गाच्या भिंतीवर लावावा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तीच मोजणी पुन्हा करावी.